चूलबंद आवतन

आमच्या गावात आता जेवणाचं आवतन दोघं मिळून देतात. एक वरच्या गल्लीतला, एक खालच्या वस्तीतला. गल्लीत गेले की वस्तीतल्या माणसानं बोलायचं, वस्तीत आले की गल्लीतल्यानं. दुसऱ्यानं नुसतं शेजारी उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो नाहीतर सप्त्याचा भंडारा असो, रीत हीच.

मागं निलंग्याहून दोन बाया आणि एक चष्मेवाला आला होता. जातीपातीचा दुजाभाव कमी करायला गावं काय काय करतात ते त्यांना लिहून घ्यायचं होतं. गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी त्यांना सांगितलं, ही आमची कल्पना. मी शेजारच्या ओट्यावर बसून ऐकत होतो. पाहुण्यांसमोर पोरांचं तोंड पाडायचं नाही म्हणून गप्प राहिलो. पण हे पोरांच्या डोक्यातून निघालेलं नाही. पोरांच्या डोक्यातून निघाला तो भोंगा. म्हणून मीच लिहायला बसलो. माझी शाळा चौथीला सुटली, जोडाक्षर आलं की हात अजून अडतो. अडू दे. जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आधी आवतन म्हणजे काय ते सांगतो, कारण शहरातली माणसं हल्ली नुसती पत्रिका बघून जेवायला जातात. आमच्याकडं पत्रिका हातात असली तरी त्या दिवशी कुणीतरी दारात यावं लागतं. उंबऱ्यावर हळदीचे तांदूळ ठेवून सांगावं लागतं, आज तुमचं चूलबंद आवतन आहे. म्हणजे घरातल्या लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं, आज तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. स्वयंपाक झाला की पुन्हा एकदा बोलावणं येतं. एवढं झाल्याशिवाय जो उठून जेवायला जातो त्याला आमच्याकडं हावरा म्हणतात.

ही झाली गल्लीची गोष्ट. आमच्या बौद्ध वस्तीला आवतन यायचं ते हातपंपावरून. वस्तीच्या तोंडाशी हातपंप आहे. तिथं उभा राहून एकजण ओरडायचा, "वस्तीवाल्यांनो, जेवाया चला ओ!" आणि तसाच माघारी फिरायचा. पंपाच्या अलीकडं पाऊल टाकायचा नाही. तेही गल्लीच्या सगळ्या पंगती उठल्यावर. वस्तीतली काही माणसं जायची. मी कुणाला नावं ठेवली नाहीत, पण मी गेलो नाही. माझ्या घराला उंबरा आहे. शहाबादी फरशीचा, मी स्वतः बसवलेला. त्याच्यापाशी येऊन जो बोलावील त्याच्याकडं मी जेवीन, नाहीतर माझ्या घरात ज्वारी आहे.

हा हट्ट मला बापाकडून आला. माझा बाप गावचा येसकर होता. सरकारी सांगावा, मयताचा सांगावा, चावडीवरचं बोलावणं, सगळं त्यानं पोचवायचं. हातात काठी घेऊन ओट्याच्या खाली उभा राहायचा आणि वर तोंड करून ओरडायचा. ओट्याला हात लागता कामा नये. त्याच्या बदल्यात संध्याकाळी घरोघरची शिळी भाकर. धर्म बदलल्यावर त्यानं ते काम सोडलं. एका सकाळी आईनं चुलीवर पाणी तापायला ठेवलं होतं, त्या चुलीत त्यानं काठी घातली. चांगली बाभळीची काठी, लवकर पेटेना. मी चुलीसमोर उकिडवा बसून बघत होतो. बाप म्हणाला, "आजपासनं कुणाचा सांगावा न्हाई. कुणाच्या दारात वरडायचं न्हाई." त्या पाण्यानं मला आंघोळ घातली. असं ऊन ऊन पाणी आमच्या घरात सणालाच असायचं.

आता अण्णाचं सांगतो. अण्णा गल्लीतला, कुणब्याच्या घरचा. त्याच्या माझ्या रानाचा बांध एक आणि बांधावरची विहीर सामाईक. लहानपणी दोघांनी गुरं एकत्र राखली. त्याचा बाप माझ्या बापाला अरे म्हणायचा, माझा बाप त्याच्या बापाला मालक म्हणायचा. आम्ही दोघं आधी एकमेकांना अरे-तुरे करायचो आणि केस पिकल्यावर तो मला तात्या म्हणू लागला, मी त्याला अण्णा. रानात दुपारी एका लिंबाखाली बसून जेवायचो. ज्याची भाकर त्याच्या फडक्यात, पण चटणीची देवघेव चालायची. माझ्या बायकोच्या हातची जवसाची चटणी त्याला लई आवडायची, बोटं चाटून खायचा. पाणी मोटारीच्या पाइपाला ओंजळ लावून प्यायचो, त्यामुळं कुणाच्या तांब्याचा सवाल कधी आलाच नाही. असं आमचं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं. पण तो माझ्या घरात आला नाही आणि मी त्याच्या पंगतीला बसलो नाही.

त्याच्या पोराच्या लग्नात आवतन पंपावरूनच आलं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा बुंदीचा डबा घेऊन रानात आला.

"तात्या, काल कामून आला न्हाईस?"

"पंपाजवळ कुणाचं घर हाय?"

"म्हंजे?"

"तितं आवतन दिलं तुमच्या माणसानं. पंप आला असंल जेवायला."

तो हसला, मग त्याचं हसू बसलं. घरात त्याचा बाप होता तेव्हा, अण्णाचं चालत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी डबा उघडला नाही. म्हटलं, "घीऊन जा, मुंग्या लागतील." तो घेऊन गेला. पुढं बरेच दिवस आम्ही पाण्याच्या पाळीपुरतंच बोललो.

मग त्याचा तो पोरगा आजारानं गेला. मागं एक लहान मुलगी. ती आजोबाच्या मागं मागं रानात यायची आणि मला आज्जा म्हणायची. ओढ्याला पाणी आलं की मी तिला खांद्यावर बसवून पलीकडं सोडायचो, तिथून ती शाळेत जायची. पुढं ती लातूरला नर्सिंग शिकली. तिचं लग्न मुरुडच्या पोराशी ठरलं तेव्हा अण्णानं मला सांगितलं ते विहिरीवरच. सांगताना मोटारीकडं बघत होता, माझ्याकडं नाही. डोळे भरले की तो असाच मोटारीकडं बघतो.

त्याच सुमारास मंडळाच्या पोरांनी ग्रामसभेत विषय काढला. मंडळात गल्लीतली पोरं आहेत, वस्तीतलीही आहेत. लातूरला शिकवणीसाठी एका खोलीत राहिलेली, एका ताटात जेवलेली. त्यांचं म्हणणं, एकाला दारात आवतन आणि एकाला पंपावर, हा दुजाभाव बंद. सगळ्यांना एकच आवाज, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून. आणि पंगतीत जो येईल तो येईल तसा बसेल. सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला काय लागतं?

मी म्हटलं, "आजवर आमालाच लांबून वरडत होता. आता समद्यांला लांबून वरडणार. बरं हाय."

एक पोरगा म्हणाला, "तात्या, तुमी चांगल्याला बी नावं ठेवता."

"चांगलं झालं की सांग, मग न्हाई ठेवणार."

भोंग्यावरचं पहिलं लग्न अण्णाच्या नातीचंच निघालं. तो खुशीत विहिरीवर आला.

"आता तरी येशील का?"

"कुठनं बलावणार?"

"भोंग्यावरनं. समद्यांला तसंच."

"मग न्हाई येत."

"अरं, पोरीचं लगीन हाय तात्या!"

"पोरीला हितं रानात आशीर्वाद देतो. जेवाया न्हाई."

"मी एकट्या तुझ्या दारात आलो तर पोरं म्हणतील नियम मोडला. भावकी म्हणंल, आमच्या दारात न्हाई अन् तिकडं गेला. कोंडी झाली माझी. मग काय, तुझा उंबरा उचलून मांडवात आणून ठिवू?"

"ठिव. फरशी जड हाय, चौघंजण आण."

तो पाय आपटत निघून गेला. जाताना त्याची पाण्याची पाळी असून मोटारही लावली नाही.

लग्नाचा मुहूर्त गोरजचा होता. पंगती ऊन कलल्यावर बसायच्या होत्या. मी मुद्दाम सकाळीच उसाला पाणी द्यायला निघून गेलो. भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा मी एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला दारं मोडत होतो. मंडळाच्या पोरानं पुस्तकी बोलीत सांगितलं, "सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना नम्र विनंती, भोजन तयार आहे, तरी सर्वांनी लाभ घ्यावा." ह्याच आवाजात तो नळाला पाणी सुटल्याचं सांगतो, घरपट्टी भरा म्हणून सांगतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग बराच वेळ काही नाही. मग खरखर झाली आणि अण्णाचा आवाज आला.

"मंडळी… सैपाक झालाय. माझ्या नातीचं लगीन हाय. या की."

एवढंच. पण बटण बंद करायचं राहिलं होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता, सगळ्या शिवारात. मग खट् झालं.

अण्णानं जन्मात कुणाला 'या की' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी खोरं टाकलं, मोटार बंद केली आणि गावाकडं निघालो.

गल्लीतून जाताना बघतो तर दारोदार माणसं आंघोळी करून, धुतलेल्या टोप्या घालून ओट्यावर बसलेली. बायका नव्या लुगड्यांत दारांत उभ्या. घरं लग्नाला निघाल्यासारखी आणि एकही माणूस जागचा हलत नाही. अण्णाचा चुलतभाऊ खांबाला टेकून बसला होता. मी खालूनच विचारलं, "जेवला का?"

"बलावणं कुठं आलं?"

"भोंगा वाजला की."

"भोंगा काय, डुकरं धरायची गाडी आली तरी वाजतो. आमी काय डुकरं हाव?"

खरं सांगतो, मला हसू आलं. लांबून ओरडलेलं कसं लागतं ते गल्लीला एका दुपारीत कळलं होतं. वस्तीचीही तीच गत. वस्तीतली माणसं म्हणत होती, आधी गल्ली बसू दे, मग बघू. आधी जाऊन बसलो तर उद्या बोलून दाखवतील. असं सगळं गाव तयार होऊन, उपाशी, आपापल्या घरी बसलं होतं.

मांडवात पत्रावळ्या मांडून ठेवल्या होत्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पेले. वांग्याच्या भाजीचे टोप, वरणाच्या बादल्या, बुंदीचा ढीग. वाढपी कमरेला टॉवेल बांधून रिकाम्या ओळींत उभे. एका कडेला फक्त मुरुडचे पाहुणे. त्यातला नवऱ्याचा मामा दुसऱ्याला हळूच विचारत होता, "गावाशी काही बिघाड हाय का ह्यांचा? एक माणूस जेवायला येईना. वाळीत टाकल्यालं घर तर न्हाई ना?"

माझं हसू तिथंच गेलं. पोरीला ह्या लोकांत जन्म काढायचा होता.

अण्णा ग्रामपंचायतीच्या खोलीत एकटाच माईकसमोर बसला होता. नवा फेटा, कपाळाला हळद. कन्यादान त्याच्याच हातून व्हायचं होतं म्हणून सकाळपासून उपाशी. मला बघितलं तरी उठला नाही.

"हसायला आलास का?"

"हसून झालं रस्त्यात. ऊठ."

"कुठं?"

"दारोदार. हळदीचे तांदूळ घे वाटीत."

"तू येणार संगं?"

"संगं न्हाई. गल्लीत आवतन मी देणार, तू गप हुभा राहायचं. आन् वस्तीत तू देणार, मी गप राहीन. घराघरानं, उंबऱ्यापाशी जाऊन. पंपावरनं न्हाई."

त्यानं माईक बाजूला सारला. मग हळू म्हणाला, "तात्या, तुझ्या बापानं काठी जाळली हुती. लोक म्हणतील, अण्णानं ह्याला परत येसकर केलं."

हे माझ्याही मनात रस्ताभर होतं. म्हटलं, "बाप खाली हुभा राहून वरडायचा. मी वर जाऊन बोलणार, साध्या आवाजात. मंजूर आसंल तर ऊठ. न्हाईतर बस वरडत शिवारातल्या उसाला."

तो उठला.

पहिलं घर त्या चुलतभावाचं. मी ओट्याच्या पायऱ्या चढलो. पायाला उसातला चिखल होता, तो त्याच्या शेणानं सारवलेल्या ओट्यावर उमटला. उंबऱ्यावर तांदूळ ठेवले. "तुमचं आज चूलबंद आवतन हाय. अण्णाच्या नातीचं लगीन हाय, समद्यांनी यायचं."

तो माझ्याकडं न बघता अण्णाला म्हणाला, "हे काय लावलंय?"

अण्णा गप्प. ठरल्याप्रमाणं.

"का रे, मुका झालास?"

"त्याला बोलायची बंदी हाय," मी म्हटलं. "काय असंल ते मला सांगा."

आतून त्याच्या बायकोनं आवाज दिला, "आवो, बलावणं आलं ना? चला की मग! लेकरं भुकेनं रडलालेत." त्यानं पाय खाली सोडून चपला शोधायला सुरुवात केली.

पुढच्या घरी एक म्हातारी एकटीच राहते. डोळ्यांत फूल पडलेलं. "कोण हाय? म्होरं ये," म्हणाली. मी गेलो. तिनं हात पुढं करून माझा दंड चाचपला, मग गाल चाचपला.

"तू येसकराचा व्हय?"

"हाव."

म्हातारीनं हात मागं घेतला. मला वाटलं, आता हात धुवायला पाणी मागते. ती म्हणाली, "तुझा बाप लई मोठ्यांदा वरडायचा खालनं. तू वर आलास ते बरं केलंस बाबा, मला आताशा वरडल्यालं ऐकूच येत न्हाई. मांडवापर्यंत धरून ने मला."

तिला अण्णानं एका हाताला धरलं, मी एका हाताला. तशीच पुढची घरं केली. सगळी दारं उघडली असं नाही. एका घरी आम्ही येताना दिसलो तेव्हा दार आतून लावून घेतलं, कडी वाजलेली आम्ही ऐकली. अण्णाचा चेहरा पडला. मी तांदूळ उंबऱ्यावर ठेवले आणि बंद दाराला सांगितलं, चूलबंद हाय. दुसऱ्या एका घरात मला म्हणाले, तुम्ही खाली थांबा, अण्णा बोलतील. अण्णानं मान हलवून नाही म्हटलं आणि आम्ही दोघंही खाली उतरून पुढं गेलो. पण मागं वळून बघितलं तर गल्लीत माणसं उतरत होती. टोप्या, नवी लुगडी, कडेवर पोरं.

म्हातारीला मांडवात बसवून आम्ही वस्तीकडं वळलो. हातपंपाजवळ आल्यावर अण्णाचे पाय थबकले. इतक्या वर्षांची सवय पायांतच असते. मी काही बोललो नाही, मला आता बोलायची बंदी होती. त्यानं फेटा सारखा केला आणि पंप ओलांडला.

पहिल्या दारात तांदूळ ठेवून त्यानं नुसतेच हात जोडले. दुसऱ्या दारात म्हणाला, "जेवाया या, चूल बंद." आवतन कमी आणि हुकूम जास्त वाटला. लोक हसले, तोही हसला आणि मग त्याला जमू लागलं. प्रत्येक दारात वाकायचा, तांदूळ ठेवायचा. गुडघे दुखतात त्याचे, उठताना माझा खांदा धरायचा.

शेवटी माझं घर. माझी बायको दारात उभी होती. अण्णा वाकला, तांदूळ ठेवले. दोन दाणे फरशीवरून घरंगळले.

"वहिनी, तुमचं आज चूलबंद आवतन हाय."

"चूल कवाच पेटली भावजी. भाकरी झाल्या, पिठलं उतरलं."

"मग ती इजवा."

"इजवते. आवतन घेतलं तुमचं. पण माझ्या दारात आल्याला माणूस कोरडा जात न्हाई. या आत, बसा. चतकोर खाऊन जा."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मला काय होणार ते कळलं, पण बोलायची बंदी.

"वहिनी, आज उपास हाय मला. कन्यादान माझ्या हातनं हाय ना."

"उपास," ती म्हणाली.

एवढा एकच शब्द. पण आजवर ऐकलेली सगळी निमित्तं त्यात होती. आत्ताच जेवून निघालो, पोट बिघडलंय, आज सोमवार हाय. आजूबाजूच्या दारांतली माणसं ऐकत होती. मला राहवलं नाही. "अगं, खरंच उपास हाय त्याला."

"तुमी गप ऱ्हावा. सकाळधरनं घरात एक शब्द न्हाई आन् गल्लीत लई बोलून आलात म्हणं." मग अण्णाला म्हणाली, "पाणी चालतंय का उपासाला?"

"पाणी चालतंय."

तो चपला काढून आत आला. आमच्या घरात पहिल्यांदा. कुठं बसावं ते त्याला कळेना. मग भिंतीला टेकून खालीच बसला, नवं धोतर सावरत. तिनं माठातून तांब्या भरला, पेला दिला. गल्लीतली जुनी माणसं आमच्यातल्या कुणाचं पाणी प्यायलीच तर वरून तोंडात ओततात, भांड्याला ओठ लागू देत नाहीत. अण्णानं पेला ओठाला लावला. सकाळपासूनचा तहानलेला, घटाघटा प्यायला.

"आणिक घालू?"

"घाला."

दुसरा पेला संपल्यावर तिनं विचारलं, "उपास कवा सुटतो?"

"लगीन लागल्यावर."

"कशानं सोडणार?"

अण्णानं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं.

"तुमच्या भाकरीनं," तो म्हणाला.

"मांडवात?"

"मांडवात."

"समद्यांसमोर?"

"वहिनी, आता काय निलंग्याला जाऊन ष्टांपावर लिहून आणू?"

ती हसली. दारांतली माणसंही हसली आणि वस्ती मांडवाकडं निघाली.

पंगती बसल्या. मंडळाच्या पोरांचा अर्धा नियम खरा झाला, जो येईल तो येईल तसा बसला. काही ठिकाणी माणसं थोडी सरकून बसली, तेही मी बघितलं. पण मांडव भरला. नवऱ्याच्या मामाचा जीव भांड्यात पडला आणि तो सगळ्यांना पुन्हा पुन्हा बुंदी वाढायला सांगू लागला, जशी काय त्याच्याच घरची. मी त्या पंगतींना बसलो नाही. वाढत होतो. कुणी विचारलं तर म्हणायचो, अण्णाबरोबर बसणार.

गोरजेला लग्न लागलं. अक्षता पडल्या, दिवे लागले. घरच्या माणसांची पंगत बसली. अण्णा बसला, त्याच्या एका बाजूला व्याही, मामा, पलीकडं नवरा-नवरी. वाढपी पुऱ्या घेऊन आला तेव्हा अण्णानं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"थांब जरा."

माझी बायको फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन पुढं आली. तिनं फडकं सोडलं, एक भाकर अण्णाच्या पत्रावळीवर ठेवली, कडेला जवसाची चटणी. त्याच ओळीतला एकजण न जेवता उठला आणि निघून गेला. कोण ते सांगत नाही, गावातच आहे अजून. अण्णानं त्याला जाताना बघितलं. मग भाकर मोडली आणि पहिला घास घेतला. दात थोडेच राहिलेत त्याचे, बराच वेळ चावत होता.

"वहिनी, भाकर वाळली की."

"तुमचंच लगीन उशिरा लागलं."

मामानं विचारलं, "ही तुमच्याकडची रीत हाय का? कन्यादान करणाऱ्यानं भाकरीनं उपास सोडायचा?"

अण्णाचं तोंड भरलेलं होतं. मीच म्हटलं, "हाव, रीत हाय."

"कवाधरनं?"

"आजधरनं."

"कुणाच्या घरची भाकर हाय?"

अण्णानं घास गिळला. "ह्या माझ्या वहिनीच्या घरची. वस्तीत घर हाय, पंपाच्या पलीकडं." मामाला कळलं. तो खाली बघून पुरी तोडायला लागला.

तेवढ्यात नवरीनं हात पुढं केला. उपास तिलाही होता. हिरव्या बांगड्यांनी हात कोपरापर्यंत भरलेला. "आज्जी, मला बी दे की चतकोर." बायकोनं अर्धी भाकर दिली. पोरीनं त्यातली अर्धी मोडून नवऱ्याला दिली. त्या पोरानं कुणाच्या घरची म्हणून विचारलंही नाही. चटणी लावली आणि खाल्ली, ठसका लागला, तर ती हसायला लागली.

मी उभाच होतो, हातात भाजीची बादली. अण्णाच्या शेजारची पत्रावळ रिकामी होती, तिच्यावर अजून पेला ठेवलेला. त्यानं तो पेला उचलून बाजूला केला.

"तात्या, बस की आता. बलावणं पोचलं का न्हाई तुला?"

"पोचलं," मी म्हटलं. बादली वाढप्याच्या हातात दिली आणि बसलो.